एमबीए सीईटी: २०० प्रश्न, १५० मिनिटे आणि गुणांचे गणित

महाराष्ट्रातील व्यवस्थापन महाविद्यालयांत एमबीए किंवा एमएमएस अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष जी परीक्षा घेतो, तिला सर्वसाधारणपणे ‘एमबीए सीईटी’ म्हणतात. मुंबई विद्यापीठाची एमएमएस ही पदवी आणि इतर विद्यापीठांची एमबीए यांचे प्रवेश याच परीक्षेतून होतात. त्यामुळे नावातील फरकाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. मुंबईतील जमनालाल बजाज आणि सिडनहॅम या संस्था, पुणे विद्यापीठाचा ‘पुम्बा’ हा विभाग, वेलिंगकरसारख्या खासगी संस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अनेक महाविद्यालये यांचा रस्ता या परीक्षेतून जातो.

या परीक्षेचे एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवे. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, मिळणाऱ्या जागांसाठी गटचर्चा नसते आणि मुलाखतही नसते. आयआयएममध्ये दहावी-बारावीचे गुण, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, मुलाखत अशा अनेक गोष्टींना वजन असते. कॅट थोडी कमी-जास्त झाली तरी इतर बाजू सावरून घेतात. इथे ती सोय नाही. दहावीला ६० टक्के मिळालेला आणि ९५ टक्के मिळालेला उमेदवार सीईटीच्या संगणकासमोर सारखेच असतात. अनेकांसाठी ही दुसरी संधी आहे. पण त्या अडीच तासांत झालेली चूक पुढे कुठेच भरून निघत नाही, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

प्रश्नपत्रिकेची रचना

परीक्षा संगणकावर होते. २०० प्रश्न, २०० गुण, १५० मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला शून्य. गुण कापले जात नाहीत. प्रश्न चार विभागांतले असतात: लॉजिकल रीझनिंग ७५, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग २५, क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड ५० आणि व्हर्बल ॲबिलिटी व आकलन मिळून ५०. विभागवार वेळ वाटून दिलेला नाही आणि विभागवार कटऑफही नाही. एकूण गुण हाच निकष. त्यामुळे गणितात कच्चा असलेला उमेदवार इंग्रजी आणि तर्काच्या बळावर वर येऊ शकतो, आणि उलटही घडते.

१५० मिनिटांचे ९,००० सेकंद होतात. २०० प्रश्नांना भागले तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. त्यात प्रश्न वाचणे आले, रफ कागदावर आकडेमोड आली, पर्याय निवडून तो सेव्ह करणेही आले. इतक्या वेळात सगळे प्रश्न रीतसर सोडवून होतील अशी ही परीक्षा नाही. चांगल्या तयारीच्या उमेदवाराचेही चाळीस-पन्नास प्रश्न न सोडवता राहतात. सीईटीची काठिण्यपातळी समजून घेताना हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सुटा प्रश्न पाहिला तर तो बहुधा बँकेच्या भरती परीक्षेच्या पातळीचा असतो आणि कॅटच्या प्रश्नाइतका खोल नसतो. अवघड जातो तो वेग. घरी निवांत बसून जुना पेपर सोडवणाऱ्याला ‘हे तर सोपे आहे’ असे वाटते, आणि घड्याळ लावून तोच पेपर सोडवला की १२० व्या प्रश्नाला वेळ संपतो.

लॉजिकल रीझनिंग: पेपरचा कणा

७५ प्रश्न म्हणजे पेपरचा तीन अष्टमांश भाग. यातले बरेच प्रश्न संचांत येतात. आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, काहींचे तोंड आत तर काहींचे बाहेर. सात मजल्यांच्या इमारतीत सात जण राहतात, प्रत्येकाचा आवडता रंग वेगळा. सात व्याख्याने सात दिवशी आहेत. अशी माहिती आठ-दहा वाक्यांत दिलेली असते आणि तिच्यावर चार-पाच प्रश्न असतात. मांडणी जुळली तर पाचही प्रश्न मिनिटभरात सुटतात. नाही जुळली तर सहा मिनिटे जाऊन हाती काही लागत नाही.

या विभागातले सुटे प्रश्न मात्र झटपट होणारे असतात. असमानता, कोडिंग-डिकोडिंग, दिशा, नातेसंबंध, सिलॉजिझम हे प्रकार सरावाने २०-३० सेकंदांवर आणता येतात. तिसरा गट क्रिटिकल रीझनिंगचा. एखादे विधान देऊन त्यामागचे गृहीतक कोणते, कोणती कृती योग्य, कोणत्या माहितीने युक्तिवाद कमकुवत होतो, असे विचारले जाते. इथे गणित नाही, पण पर्याय एकमेकांच्या फार जवळचे असतात. ‘मला काय वाटते’ या आधारावर उत्तर दिले की चुकते. दिलेल्या वाक्यांत जेवढे आहे तेवढ्यावरच थांबावे लागते. संचांवर महिनोन्‌महिने मेहनत घेणारे बरेच उमेदवार या गटाकडे दुर्लक्ष करतात आणि गुण इथेच सांडतात.

ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग

आकृत्यांचे २५ प्रश्न. मालिकेतील पुढची आकृती कोणती, वेगळी कोणती, पहिल्या दोन आकृत्यांत जो संबंध तोच पुढच्या दोहोंत कुठे, असे त्यांचे स्वरूप. नियम दिसला की दहा सेकंद पुरतात. दिसला नाही तर दोन मिनिटे बघूनही सहसा दिसत नाही. म्हणून इथे वेळेची मर्यादा कडक ठेवावी लागते. आकृती फिरते आहे का, रेषांची संख्या वाढते आहे का, कोपऱ्यातले चिन्ह जागा बदलते आहे का, काळा-पांढरा भाग अदलाबदल होतो आहे का, या चार-पाच गोष्टी क्रमाने तपासायच्या आणि ४० सेकंदांत काही न सापडल्यास पुढे जायचे. या विभागाला पाठांतर लागत नाही, सूत्रे लागत नाहीत, भाषाही जवळजवळ लागत नाही.

क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड

टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम, वेग-अंतर, व्याज, मिश्रण, संभाव्यता, क्रमपर्याय, संख्यामालिका आणि तक्ते-आलेखांवरचे प्रश्न. अभ्यासक्रम साधारण दहावीच्या आतबाहेरचा, पण कॅटप्रमाणे पडद्यावर कॅल्क्युलेटर नसतो. त्यामुळे पंचवीसपर्यंतचे वर्ग, अपूर्णांकांच्या टक्केवाऱ्या आणि अंदाजी भागाकार तोंडपाठ असणाऱ्याचा वेळ वाचतो.

एक साधे उदाहरण. किंमत २० टक्क्यांनी वाढवून तिच्यावर १५ टक्के सूट दिली तर फरक किती? शंभर रुपये धरून, वाढवून, सूट काढून, वजा करून उत्तर येतेच. पण १.२ गुणिले ०.८५ म्हणजे १.०२, म्हणून दोन टक्के वाढ, हे डोक्यात होते. दुसरे उदाहरण पर्यायांकडून मागे येण्याचे. वर्गातील मुले आणि मुली यांचे प्रमाण ३:४ आहे, आणखी काही माहिती देऊन एकूण संख्या विचारली आहे. पर्याय आहेत ४८, ५४, ५६, ६२ आणि ६६. प्रमाणाची बेरीज सात, म्हणजे एकूण संख्येला सातने भाग जायला हवा. असा पर्याय एकच आहे, ५६. पुढची माहिती वाचण्याचीही गरज उरली नाही. बहुपर्यायी परीक्षेत ही युक्ती लबाडी नसून कौशल्य मानले जाते, आणि शाळेतील ‘पायऱ्या दाखवा’ ही सवय मोडायला काही आठवडे लागतात.

व्हर्बल ॲबिलिटी आणि इंग्रजीचा प्रश्न

उतारे, क्लोझ टेस्ट, गाळलेल्या जागा, वाक्यातील चूक, विस्कळीत वाक्यांचा क्रम, शब्दार्थ. व्याकरणाचे प्रश्न ओळखीच्या दहा-बारा नियमांभोवती फिरतात. खरा प्रश्न वाचनाच्या वेगाचा आहे. पेपर इंग्रजीत असतो आणि तर्काच्या संचांपासून गणिताच्या शाब्दिक उदाहरणांपर्यंत सगळे वाचावे लागते. त्यामुळे इंग्रजीची परीक्षा ५० गुणांची दिसत असली, तरी प्रत्यक्षात तिची सावली जवळजवळ सगळ्या पेपरवर पडते. मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेल्या विद्यार्थ्याला तर्क अवघड जातो असे अनेकदा सांगितले जाते, पण बहुतेक वेळा त्याला अवघड गेलेले असते ते वाचन.

अशा विद्यार्थ्याने दोन गोष्टी कराव्यात. एक, आकृत्या, संख्यामालिका, असमानता, कोडिंग असे भाषेवर कमी अवलंबून असलेले प्रकार आधी पक्के करावेत. तिथले गुण त्याला इतरांच्या बरोबरीने मिळतात. दोन, रोज वेळ लावून इंग्रजी वाचावे. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा तीन-चारशे शब्दांचा एक मजकूर दोन-अडीच मिनिटांत वाचून त्याचा आशय एका वाक्यात, हवा तर मराठीत, सांगता येतो का हे पाहणे जास्त उपयोगी पडते.

चुकीला दंड नसण्याचा खरा अर्थ

‘निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे सगळे प्रश्न टिक करून यायचे’ हा सल्ला प्रत्येकाने ऐकलेला असतो. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे.

पाच पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तर तो बरोबर येण्याची शक्यता एक पंचमांश. ६० प्रश्न असे भरले तर सरासरीने १२ गुण मिळतात. नशिबाने थोडे वर-खाली होते. साधारण तीनपैकी दोन वेळा हा आकडा ९ ते १५ यांच्या दरम्यान राहतो. हे १२ गुण कुणाला पुढे नेत नाहीत, कारण जवळपास सगळेच ते घेतात. पण जो ६० प्रश्न कोरे सोडून येतो, तो स्पर्धेत १२ गुणांनी मागे पडतो. अमुक एकच पर्याय सगळीकडे भरावा की आलटून पालटून भरावा, यावर विद्यार्थ्यांत बराच खल होतो. उत्तरे पाचही पर्यायांत सारखी विखुरलेली असतील तर दोन्ही पद्धतींची सरासरी एकच येते. एकच पर्याय भरण्याचा फायदा एवढाच, की विचार करण्यात वेळ जात नाही.

इथून पुढचे गणित फारसे सांगितले जात नाही. न सोडवताही प्रश्नाचे सरासरी ०.२ गुण मिळणारच असतील, तर तो सोडवून बरोबर आणण्याची खरी कमाई एक गुण नसून ०.८ आहे. आणि ती कमाई किती वेळात झाली हे महत्त्वाचे. आकृतीचा प्रश्न २५ सेकंदांत होतो आणि अशा प्रश्नांत अचूकता ८० टक्के आहे असे धरू. कमाई ०.६, म्हणजे मिनिटाला जवळजवळ दीड गुण. गाळलेल्या जागेला ३० सेकंद लागतात आणि अचूकता ७५ टक्के, मिनिटाला १.१. पाच प्रश्नांचा बैठकव्यवस्थेचा संच सहा मिनिटांत पूर्ण सुटला तर पाचपैकी एक गुण तसाही मिळणार होता, म्हणून कमाई चार; मिनिटाला ०.६७. तोच संच दोनपैकी एकदाच सुटत असेल तर मिनिटाला ०.३३. गणिताचा दोन मिनिटे खाणारा आणि ८० टक्के वेळा बरोबर येणारा प्रश्न मिनिटाला ०.३ देतो.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाचे वेगळे निघतील. पण त्यांतून दिसणारा क्रम सहसा उलटत नाही. लांबलचक प्रश्न सोडवता येतो म्हणून सोडवायचा, हा इथला सर्वांत महाग पडणारा हट्ट आहे. ज्याला गणित आवडते तो गणिताच्या अवघड प्रश्नात अडकतो आणि शेवटी ज्या तीस सोप्या प्रश्नांपर्यंत तो पोहोचतच नाही, त्यांची किंमत मोजतो.

अर्धवट ज्ञानाचीही किंमत असते. पाचपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत असे कळले तर उरलेल्या तिघांतून निवडताना शक्यता २० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर जाते. तीन बाद झाले तर ५० टक्के. त्यामुळे प्रश्न सोडून पुढे जाण्याआधी जे पर्याय बाद झाले आहेत ते लक्षात घेऊन लगेच एक उत्तर भरणे फायद्याचे. ‘नंतर बघू’ म्हणून कोरा सोडलेला प्रश्न नंतर पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो.

जास्त सोडवायचे की अचूक सोडवायचे?

तीन कल्पित उमेदवार घेऊ. पहिली शांतपणे १३० प्रश्न सोडवते, अचूकता ८५ टक्के, बाकीचे ७० अंदाजाने भरते. तिचे सरासरी गुण ११०.५ अधिक १४, म्हणजे १२४.५. दुसरा घाई करून १६० सोडवतो, अचूकता ७० टक्के, उरलेले ४० अंदाजाने. ११२ अधिक ८, म्हणजे १२०. तिसरी १४५ सोडवते, अचूकता ८० टक्के, ५५ अंदाजाने. ११६ अधिक ११, म्हणजे १२७. सर्वाधिक प्रश्न सोडवणारा शेवटी आहे आणि सर्वांत अचूक असणारी मधे. प्रत्येकाचा एक वेग असतो, ज्याच्या पुढे गेले की अचूकता वाढलेल्या प्रश्नांपेक्षा जास्त वेगाने घसरते. मॉक परीक्षा द्यायच्या त्या हा बिंदू शोधण्यासाठी.

मॉक तपासताना बहुतेक जण चुकलेले प्रश्न पाहतात. त्यांत येत नव्हते म्हणून चुकलेले आणि घाईने चुकलेले असे दोन प्रकार वेगळे करावेतच. पण तिसरी यादी सर्वांत उपयोगी असते: जे बरोबर आले, पण दीड-दोन मिनिटे घेऊन आले. निकालपत्रावर ते हिरवे दिसतात म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. वेळ मात्र तिथेच गेलेला असतो.

प्रत्यक्ष पेपरात दोन फेऱ्यांची पद्धत अनेकांना मानवते. पहिल्या फेरीत सुमारे ९५-१०० मिनिटांत चारही विभागांतले झटपट होणारे प्रश्न उचलायचे. संच दिसला की माहिती एकदा वाचायची, पक्की जागा सांगणारी दोन वाक्ये मिळाली तरच हात घालायचा. दुसऱ्या फेरीत उरलेले संच आणि लांब गणिते, स्वतःच्या आवडीनुसार. शेवटची पाच मिनिटे मात्र कोणत्याही परिस्थितीत राखून ठेवायची. ५० कोरे प्रश्न भरायला प्रत्येकी चार सेकंद धरले तरी २०० सेकंद लागतात. शेवटच्या मिनिटाला जागे होणाऱ्याचे तीसेक प्रश्न कोरे राहतात, म्हणजे सहा गुण फुकट गेले. ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ केलेले उत्तर धरले जाते की नाही, हे पडद्यावरच्या सूचनांत दिलेले असते. ते पेपर सुरू होण्याआधी वाचून घ्यावे.

कॅटची सवय इथे का नडते

कॅट नोव्हेंबरच्या शेवटी होते आणि सीईटी पुढच्या वर्षी काही महिन्यांनी. कॅट मनासारखी न गेलेले हजारो विद्यार्थी सीईटीकडे वळतात आणि ‘कॅटची तयारी झालीच आहे’ असे समजतात. विषयांच्या बाबतीत ते खरे आहे. सवयींच्या बाबतीत नाही. कॅट १२० मिनिटांची. २०२४ मध्ये तिच्यात ६८ प्रश्न होते, म्हणजे प्रश्नामागे जवळपास पावणेदोन मिनिटे. तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे, एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तर सरासरी कमाई बरोबर शून्य येते. कॅटमध्ये अंदाज लावणे म्हणजे तोटाच, हा समज त्यामुळे काटेकोरपणे खरा नाही. पण असे वीस अंदाज लावले तर गुण सहज सात-आठने वर किंवा खाली जातात, आणि एवढा जुगार खेळायला कुणी तयार नसते. म्हणून कॅटचा विद्यार्थी प्रश्न सोडायला शिकतो, विचार करायला शिकतो, खात्री झाल्याशिवाय उत्तर भरत नाही. सीईटीत हीच शिस्त त्याला मागे ओढते. त्याला किमान महिनाभर केवळ वेगाचे मॉक द्यावे लागतात.

इतर परीक्षांचे नियम आणखी वेगळे आहेत. सीमॅटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. स्नॅपमध्ये ६० मिनिटांत ६० प्रश्न आणि चुकीला पाव गुण वजा. झॅटमध्ये तर आठपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडले तर त्यापुढच्या प्रत्येक कोऱ्या प्रश्नाला ०.१० गुण कापला जातो. एकाच हंगामात चार परीक्षा देणाऱ्याने प्रत्येकीच्या आदल्या दिवशी निदान गुणांचा नियम पुन्हा वाचावा.

पर्सेंटाइल आणि स्लॉट

सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये देतात. त्या सत्रात बसलेल्यांपैकी किती टक्के उमेदवारांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, ही संख्या म्हणजे पर्सेंटाइल. घरच्यांना ‘९२ पर्सेंटाइल’ ऐकून ९२ टक्के गुण मिळाल्याचा आनंद होतो, पण एक लाख उमेदवारांत ९२ म्हणजे पुढे सुमारे आठ हजार जण. ९९ म्हणजे पुढे हजार, ९९.९ म्हणजे शंभर. वर जाल तसा एकेका गुणाचा भाव वाढतो. मध्यावर गर्दी असते, तिथे दोन-तीन गुणांनी पर्सेंटाइल बरेच सरकते. पण टोकाला ९९.५ वरून ९९.९ वर जायला कितीतरी जास्त गुण लागतात.

तुलना सत्राच्या आत होत असल्याने अवघड पेपर आला म्हणजे नुकसान झाले असे नसते. तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. १२५ गुणांना अवघड सत्रात वरचे स्थान मिळू शकते आणि सोप्या सत्रात ते मिळणार नाही. मात्र पद्धतीचा आधार एका गृहीतकावर आहे, की सगळ्या सत्रांतील उमेदवार सरासरीने सारख्याच कुवतीचे आहेत आणि सर्वांना सारखीच परिस्थिती मिळाली आहे. २०२३ च्या परीक्षेत काही ठिकाणी तांत्रिक अडचणी आल्या, काहींना जादा वेळ मिळाल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढा गदारोळ का झाला, हे ४५ सेकंदांच्या हिशेबावरून कळते. कुणाला अर्धा तास जास्त मिळाला, तर त्याला ४० प्रश्न जास्त मिळाले.

उमेदवारासाठी यातून निघणारा अर्थ साधा आहे. पेपर चालू असताना ‘अवघड आहे, यंदा गेले’ असे ठरवणे चुकीचे, आणि ‘सोपा आहे’ म्हणून सैलावणे त्याहून चुकीचे. सोप्या पेपरात चुकीला क्षमा कमी असते.

निकालानंतर

निकालानंतर कॅपची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी आणि मग पसंतिक्रमाचा अर्ज असे टप्पे येतात. बहुसंख्य जागा महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी असतात. सामाजिक प्रवर्गांचे आरक्षण नियमानुसार लागू होते. बजाज किंवा सिडनहॅमसारख्या संस्थांचे शुल्क नामवंत खासगी संस्थांच्या तुलनेत बरेच कमी असते आणि तिथे जागा मोजक्या असतात, म्हणून त्यांचे कटऑफ सर्वांत वर राहते. मागील वर्षांच्या कटऑफ याद्या कॅपच्या संकेतस्थळावर प्रवर्गनिहाय पाहता येतात. त्या पाहताना स्वतःचा प्रवर्ग आणि कोणत्या फेरीची यादी आहे, या दोन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतील आकडे बरेच वेगळे असू शकतात.

पसंतिक्रम भरताना ‘आपल्याला हे मिळणार नाही’ म्हणून वरची संस्था वगळण्याची चूक दरवर्षी होते. वाटप उमेदवाराच्या क्रमानुसार होते. वरचा पर्याय मिळाला नाही तर पुढचा तपासला जातो, आणि वर अवघड संस्था लिहिली म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता, अधिवास यांपैकी जी कागदपत्रे लागू असतील ती परीक्षेआधीच हातात असावीत. ९८ पर्सेंटाइल मिळूनही वैधता प्रमाणपत्राची पावती वेळेत नसल्याने खुल्या प्रवर्गात ढकलले जाणे, यावर दुसऱ्या फेरीत उपाय नसतो. नियम, प्रश्नांची संख्या आणि वेळापत्रक यांत बदल होऊ शकतात. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका अर्ज भरण्यापूर्वीच डाउनलोड करून वाचावी.